समुद्राला साडेचार स्टार

एक्सेल शीटमध्ये तेवीस समुद्रकिनारे होते. वर डहाणू, खाली पाळोळे, आणि मध्ये कोकणाची सगळी किनारपट्टी. शाळेच्या भूगोलात ती ७२० किलोमीटर लांब होती. कॉलम असे: भडगावपासून अंतर, गाडीचे तास, स्टार, रिव्ह्यूंची संख्या, शाकाहारी जेवण, पायऱ्या किती. शेवटचा कॉलम आजीसाठी. तिचे गुडघे गेलेले आहेत. अठ्ठ्याहत्तर वर्षांची होईपर्यंत तिने समुद्र पाहिलेला नव्हता, आणि एका दिवाळीला ती म्हणाली की एकदा बघायचाय. घरातला पुण्यात नोकरी करणारा, लॅपटॉपवाला नातू मी. त्यामुळे किनारा निवडायचं काम माझ्याकडे आलं.

मी ते काम कसं केलं, कशाच्या भरवशावर केलं आणि ते कुठे फसलं, हे सांगायचंय. मुख्य म्हणजे ज्या मजकुराच्या भरवशावर आपण सगळेच समुद्र निवडतो, त्या मजकुराबद्दल बोलायचंय. रील्स, 'टॉप टेन' याद्या, नकाशावरचे रिव्ह्यू. याला कुणी साहित्य म्हणणार नाही. पण माझ्या वयाच्या मराठी मुलांनी समुद्राविषयी जे काही वाचलंय, त्यातलं बहुतेक हेच आहे. मग त्याची समीक्षाही व्हायला हवी, कवितेची होते तशी.

तर मी बोर्डी निवडलं. अंतर कमी, नाशिकला आत्याकडे मुक्काम करता येतो, सपाट किनारा, पायऱ्या नाहीत, सुरूची झाडं, चिकूच्या वाड्या, गर्दी कमी. शीटने दिलेला एकूण स्कोअर सगळ्यांत वरचा. डिसेंबरातल्या एका दुपारी एकच्या सुमाराला, त्र्यंबक-जव्हारचे घाट ओलांडून, आम्ही सुरूच्या बनातून आजीला हात धरून बाहेर आणलं.

समुद्र नव्हता.

म्हणजे होता, पण लांब, आभाळाखाली एक राखाडी रेघ. मध्ये अर्धा किलोमीटर चिखलट, ओली, चमकणारी जमीन. दोन कुत्री आणि एक बाई, वाकून काहीतरी वेचणारी. आजीने डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "समुद्र कथा गया रे भाऊ?"

आण्णा माझ्याकडे बघत होते. मी मोबाइल काढून तिथेच उभ्या उभ्या दोन स्टारचा रिव्ह्यू लिहायला घेतला. 'पाणी खूप लांब, चिखल, वृद्धांसाठी योग्य नाही.' पोस्ट करायला रेंज नव्हती, हे माझं नशीब.

जिथे उतरलो होतो त्या घरातले काका जेवण वाढताना म्हणाले, आज काय, दशमी ना? आजीने लगेच सांगितलं, हो, उद्या एकादशी. तिचा उपास असतो. काका म्हणाले, मग झालं तर, दहा पाऊण साडेसात. साडेसातला पूर्ण भरती, आमच्याकडे थोडी पुढेच. आत्ता दीड वाजलाय, म्हणजे पार सुकती. चार-साडेचारनंतर खुर्ची घेऊन बसा, पाणी तुमच्याकडे येईल.

मी कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत आजीने मान डोलावली होती. ती चौथी शिकलेली. तिच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घ्यायचे. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. माझ्या शाळेत हे नव्हतं. पुढे इंजिनीअरिंगला चार सेमिस्टर गणित होतं, त्यातही नव्हतं.

नियम साधा आहे. तिथीचा आकडा घ्या, पाऊणपट करा, पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, सकाळची आणि संध्याकाळचीही. तिच्यापासून सहाएक तास मागेपुढे ओहोटी. चंद्र रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा येतो आणि भरती त्याच्या मागे मागे सरकते. पंधरा दिवसांत घड्याळाचा फेरा जवळपास पुरा होतो. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे दुपारी बाराला पाणी सगळ्यांत लांब. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती सव्वाअकरा-बाराला, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला ओहोटी. आता हे रीलवाल्यांना कुणीतरी सांगा. पौर्णिमेच्या संध्याकाळी 'सनसेट आणि फुल मून एकत्र' बघायला उत्तर कोकणात गेलात, तर सूर्य बुडतो त्या वेळेला पाणी तुमच्यापासून महिन्यातलं सगळ्यांत दूर असतं.

साडेचारला आम्ही खुर्ची मांडली. पुढचं नंतर सांगतो.

परत पुण्याला आल्यावर मी ते शीट पुन्हा उघडलं आणि ज्या मजकुरातून ते भरलं होतं तो सगळा पुन्हा वाचला, पाहिला. या वेळी ग्राहक म्हणून नाही, जरा चिडलेला वाचक म्हणून.

पहिली गोष्ट दिसली ती विशेषणांची. निळाशार, फेसाळ, रुपेरी, नयनरम्य, निवांत, 'अनएक्सप्लोअर्ड'. हाच शब्दसाठा केळव्याला, हाच दिवेआगरला, हाच भोगव्याला. माझ्या रूममेटला मी पाच-सहा कॅप्शन गावांची नावं झाकून वाचून दाखवल्या आणि ओळखायला सांगितलं. तो मूळचा वेंगुर्ल्याचा. त्याने सगळ्यांना 'गोवा' असं उत्तर दिलं आणि झोपायला गेला. नाव काढल्यावर जे वर्णन कुठल्याही जागेला बसतं, ते त्या जागेचं वर्णन नसतंच. कवितेच्या बाबतीत हे आपण दहावीच्या रसग्रहणात शिकतो, पण ट्रिप ठरवताना विसरतो.

दुसरी सवय 'मिनी'ची. दापोली म्हणजे मिनी महाबळेश्वर, तापोळा म्हणजे मिनी काश्मीर, तारकर्ली म्हणजे मिनी गोवा किंवा महाराष्ट्राचं मालदीव. आपल्या प्रत्येक जागेला दुसऱ्या कुठल्यातरी जागेची लहान कॉपी म्हणून ओळख करून द्यायची. जानेवारी २०२४मध्ये पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले, मालदीवच्या काही उपमंत्र्यांनी सोशल मीडियावर टोमणे मारले आणि आठवडाभर सगळे फोन निळे झाले होते, ते आठवत असेल. त्या गदारोळात लक्षद्वीपला चला असं सांगताना एका मोठ्या नटाने फोटो मालदीवचाच टाकला आणि नंतर तो काढला, अशी बातमी होती. लोक हसले. मला आता वाटतं की त्याची चूक फारशी नव्हती. सगळे ज्या पद्धतीने फोटो बघतात तसाच त्याने बघितला. निळं पाणी, पांढरी वाळू, झालं. लक्षद्वीपला जायला आधी परवाना लागतो, राहायच्या जागा मोजक्या, गोडं पाणी मोजकं, हे कुठल्या फोटोत येत नाही.

नाही म्हणायला अलिबागच्या वाट्याला उलटंच आलं. इतका जवळचा, इतका वापरातला किनारा की नाव थट्टेचं झालं. 'अलिबागसे आया है क्या' या वाक्यावर बंदी घाला म्हणून २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली होती. न्यायालयाने ती फेटाळली.

आता रिव्ह्यू. इथे मला माझ्या धंद्यामुळे जरा जास्त बोलता येतं, कारण मी जे कोड लिहितो त्यात असल्या आकड्यांची सरासरी काढणं हेही एक काम असतं. माझ्या शीटमधले जवळजवळ सगळे किनारे सव्वाचार ते साडेचार स्टारच्या मधले होते. ज्या मापाने सगळ्यांची उंची सारखीच भरते ते माप काही मोजत नाही, एवढं पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं. तरी मी चार पॉइंट तीनला खाली आणि चार पॉइंट पाचला वर ठेवून बसलो होतो.

स्टार सोडून मजकूर वाचला तर त्यात सगळ्यांत जास्त काय असतं? पार्किंग. त्यानंतर संडास, त्यानंतर जेवण, त्यानंतर 'फॅमिलीसाठी चांगलं' किंवा 'फॅमिलीसाठी नाही'. प्रत्यक्ष समुद्राबद्दल 'पाणी स्वच्छ', 'पाणी घाण' याच्या पलीकडे फार नाही. आणि हेही खोटं नसतं. ज्याने सकाळी सातला पाहिलं त्याला किनारा सुंदर वाटला, ज्याने दुपारी दोनला पाहिलं त्याला चिखल दिसला. दोघेही खरंच बोलतात, पण वेळ कुणीच लिहीत नाही. तारीख असते, तिथी नसते. मग त्या दोघांची सरासरी काढून जो आकडा येतो, तो कुणीही न पाहिलेल्या समुद्राचा असतो.

दुसरा दोष जास्त गंभीर आहे. रिव्ह्यू घरी परत आलेला माणूस लिहितो. बुडालेला लिहीत नाही.

१ फेब्रुवारी २०१६ला पुण्यातल्या एका महाविद्यालयाची सहल मुरूडला गेली होती, जंजिऱ्याच्या मुरूडला. चौदा मुलं-मुली बुडून गेली. दुपारची वेळ. त्या दिवसाची तिथी मी नंतर बघितली, कृष्ण अष्टमी. पाऊणकीने धरलं तर दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत चढतं पाणी. अपघात कशामुळे झाला हे मी इथे खुर्चीत बसून ठरवणार नाही. तो निष्काळजीपणा होता, नशीब होतं की आणखी काही, हे बोलायचा मला अधिकार नाही. पण एवढं म्हणता येतं की त्या दुपारी पाणी वाढत होतं, हे गावातल्या माणसाला बोटांवर मोजून माहीत असणार आणि बसमधून उतरलेल्या पोरांना माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. पुढच्या वर्षी, एप्रिल २०१७मध्ये, मालवणजवळ वायरीला बेळगावच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या सहलीतले आठ जण गेले. मी तेव्हा स्वतः इंजिनीअरिंगला होतो. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर ती बातमी आली आणि तिच्याच खाली कुणीतरी मे महिन्यातल्या 'गोवा कन्फर्म'ची तारीख विचारली. असंवेदनशील म्हणून नाही. दोन गोष्टींचा संबंध आहे हे आम्हाला सुचलंच नाही.

ते सुचलं नाही, कारण आम्ही वाचत होतो त्या कुठल्याही मजकुरात समुद्र हलत नव्हता. माझी खरी तक्रार इथे आहे. अतिशयोक्ती चालते, ती लावणीतही असते. यादीला, रीलला, रेटिंगला समुद्र ही एक 'जागा' वाटते, पिन टाकता येणारी. तो जितका जागा आहे तितकाच वेळही आहे.

आणि ही वेळ सगळीकडे सारखी चालत नाही, म्हणून तर निवड करायची. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरपर्यंत जातो. तीन मजले पाणी. मुंबई-डहाणूकडे उधाणाला पाचेक मीटर. खाली गोव्यात दोन-सव्वादोन मीटर. आता यात किनाऱ्याचा उतार घाला. बोर्डीसारखी जमीन शंभर मीटरला एक मीटर उतरत असेल, तर पाच मीटर पाणी उतरल्यावर समुद्र पाचशे मीटर मागे जातो. माझ्या आजीला दिसला नाही तो याच्यामुळे. दक्षिणेत उतार जास्त आणि फरक कमी, त्यामुळे तिथे पाणी दिवसभर जवळपास जागच्या जागी दिसतं आणि फोटोला कुठलीही वेळ चालते. गोव्याच्या प्रसिद्धीत बाकी शंभर कारणं असतील, पण हेही एक असणार असा माझा अंदाज आहे. तिथला समुद्र पर्यटकाच्या वेळेला हजर असतो.

पण उतार जास्त म्हणजे दोन पावलांत कंबरभर पाणी. काशीदला लाट पायाखालची वाळू ओढते ती यामुळेच. गणपतीपुळ्याला धोक्याच्या पाट्या आहेत, आणि त्याच पाट्यांसमोर लोक सेल्फी काढतात. याउलट बोर्डीचा चिखल, ज्याला मी दोन स्टार देत होतो, तो म्हाताऱ्या माणसासाठी आणि पोहता न येणाऱ्या खान्देशी कुटुंबासाठी बहुधा जास्त बरा. खोल पाणी गाठायलाच इतकं चालावं लागतं की उत्साह संपतो. अर्थात सपाट किनाऱ्यावर लांबवर गेलेल्या माणसाच्या मागून पाणी भरतं, हा धोका आहेच. काकांनी तो पहिल्या पाच मिनिटांत सांगितला होता.

कोकणात या सगळ्याला शब्द आहेत, आणि आपल्या यादीलेखकांना ते लागत नाहीत याचं मला वाईट वाटतं. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात आणि अष्टमीच्या आसपासच्या मरगळलेल्या भरतीला भांग. वाळूचा पट्टा ती पुळण, गणपतीपुळ्यातलं पुळे तेच. खडकाळ किनारा तो खडप. किनाऱ्यावरून जाळं टाकून दोन्ही बाजूंनी माणसं ओढतात ती रापण. 'बीच' या एका शब्दात हे सगळं सपाट होतं. गंमत अशी की हे शब्द पर्यटकाच्याच उपयोगाचे आहेत. 'इथे फक्त खडप आहे, उधाणाला जाऊ नका' हे एक वाक्य दहा रील्सपेक्षा जास्त सांगतं.

एवढं झोडपल्यावर रील्सची बाजूही मांडायला हवी, नाहीतर मी नुसता खवट म्हातारा ठरेन, आणि अजून तीस व्हायचोय. मला कोकण कुणी दाखवलं? पुस्तकांनी नाही. पेंडशांचं 'गारंबीचा बापू' मी कॉलेजात वाचलं, दांडेकरांचं 'पडघवली' त्यानंतर. दोन्ही आवडली. पण त्या पुस्तकांतलं कोकण हे ज्यांचं तिथे घर आहे, वाडी आहे, खोतीची भांडणं आहेत, त्यांचं आहे. भडगावच्या पोराने तिथे कुठे उतरायचं, कुणाच्या दारात जायचं, हे त्यात नाही. असायची गरजही नाही. पण कोकणाचा जो उमाळा मराठी वाचकाला असतो असं गृहीत धरतात, तो आमच्या घरात कुणालाच नव्हता. आमच्याकडे मामाचा गाव म्हणजे उन्हात तापलेली केळीची बाग आणि दुपारी बंद दारं. बालकवी आमच्या धरणगावचे, त्यांचं पाणीसुद्धा निर्झराचं. आमच्या तालुक्यात 'वाळू' म्हटलं की समुद्र आठवत नाही, गिरणेच्या पात्रातून रात्री निघणारा ट्रॅक्टर आठवतो आणि ब्रासचा भाव आठवतो.

अशा घरातल्या माणसाला रीलने सांगितलं की रस्ता इथून असा आहे, खोली एवढ्याला मिळते, मासे न खाणाऱ्याला थालीपीठ मिळेल, मुली एकट्या गेल्या तरी चालेल. माझ्या मावसबहिणीने आणि तिच्या तीन मैत्रिणींनी हे सगळं फोनवर बघूनच आंजर्ले-केळशीची ट्रिप केली, घरी कुणाला रस्ता न विचारता. दहा वर्षांपूर्वी हे शक्य नव्हतं. जी माहिती पूर्वी नातेवाइकांच्या साखळीतून मिळायची, आणि ज्यांचे नातेवाईक नव्हते त्यांना मिळायचीच नाही, ती आता सगळ्यांसमोर पडलेली आहे. हे मोठं काम आहे. फक्त त्यात पाण्याबद्दल काही नाही.

हे सगळं रीलने सुरू केलं असंही नाही. 'दिल चाहता है' २००१चा. मी तेव्हा जेमतेम चालायला लागलो असेन, पण त्यातल्या शापोऱ्याच्या किल्ल्यावर बसलेल्या तिघांच्या पाठी मला पाठ आहेत. त्या किल्ल्याला आता लोक सिनेमाच्याच नावाने ओळखतात. सिनेमा मला आवडतो. पण त्यात समुद्र हा मैत्रीच्या मागे लावलेला पडदा आहे. तिघांकडे गाडी आहे, वेळ आहे, आणि समुद्र त्यांच्याकडे बघत शांत बसलेला आहे. त्यानंतरच्या प्रत्येक मित्रांच्या ग्रुपने तोच पडदा शोधला. आमच्या भडगावच्या ग्रुपनेही, ज्यात दोघांकडे मिळून एक मोटारसायकल होती.

त्याच्या शेजारी अविनाश अरुणचा 'किल्ला' ठेवून बघा. २०१५ला थिएटरात आला, त्याआधी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. वडील गेलेला, आईच्या बदलीमुळे पुण्याहून गुहागरकडे येऊन पडलेला चिन्मय. त्याने समुद्र निवडलेला नाही. त्याच्यासाठी तो बदलीचा गाव आहे, सरकारी क्वार्टर आणि नवी शाळा. पावसाळा आहे, पाणी राखाडी आहे, कुठेही निळाशार नाही. मित्रांबरोबर किल्ल्यावर गेलेला असताना पाऊस येतो आणि मित्र त्याला सोडून निघून जातात. तेव्हा समुद्राचा जो आवाज आहे तो मी थिएटरात अंगावर घेतलाय. या सिनेमातला समुद्र वेळेनुसार बदलतो, कधी खेळगडी होतो, कधी त्याची भीती वाटते. मजा अशी की 'किल्ला' बघूनही लोक गुहागरला जायला लागले, आणि तेही डिसेंबरात, निळं पाणी बघायला. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ज्यांचा तो धंदा आहे ते नारळी पौर्णिमेपर्यंत दबकून असतात, आणि आपली 'मॉन्सून बीच' नावाची रील नेमकी त्याच दोन महिन्यांत येते. चिन्मयचा पावसाळा आपल्याला हवा असतो, त्याची भीती मात्र नको असते.

तर साडेचारला आम्ही खुर्ची मांडली. आधी काही कळलं नाही. मग ती चमकणारी जमीन हळूहळू जास्त चमकायला लागली. मग लक्षात आलं की कुत्री मागे आली आहेत, वेचणारी बाई मागे आली आहे. राखाडी रेघेचा पट्टा झाला. सूर्य सहाच्या सुमाराला गेला तेव्हा पहिली पातळ लाट खुर्चीपासून बरीच दूर होती, पण ऐकू येत होती. आजी बोलली नाही. तिने गिरणेचे पूर पाहिलेत, रात्रीत घरापर्यंत आलेलं पाणी पाहिलंय. पण असं ठरल्या वेळेला, कुणाचं काही न नेता येणारं पाणी तिने पाहिलेलं नव्हतं. अंधार पडल्यावर पाणी पायांपर्यंत आलं. तिने वाकून बोट बुडवलं, चाखलं आणि म्हणाली, "इतलं पानी, अन् पेवाले थेंब नही."

दोन स्टारचा तो ड्राफ्ट अजून फोनमध्ये आहे.

आता पुढची ट्रिप ठरते आहे, आणि या वेळी शीट नाही. नकाशावर सरळ रेघ मारली तर भडगावपासून सगळ्यांत जवळचा समुद्र कोकणात नाहीच, तो गुजरातेत आहे, वलसाडच्या बाजूला. आणि आमच्या ओळखीचा समुद्र त्याच्या जरा वर, सुरतेजवळ डुमसला. खान्देशातली निम्मी घरं या ना त्या नात्याने सुरतेला बांधलेली आहेत. उधना, लिंबायत भागात कापडाच्या कामाला गेलेले, तिथेच राहिलेले. तिथल्या गल्ल्यांत अहिराणी ऐकू येते. माझा मावसकाका तिथलाच. त्याची पोरं रविवारी डुमसला जातात, टोमॅटोची भजी खातात, परत येतात. कुणी त्याला डेस्टिनेशन म्हणत नाही.

मी डुमस शोधून बघितलं. इंटरनेटवर ते एकाच प्रकारच्या यादीत सापडतं, 'भारतातल्या भुताटकीच्या जागा'. काळी वाळू आहे, म्हणून भुतं. आमचं गिरणेचं पाणी तापीत जातं, तापी उकाई धरणातून सुरतेला आणि तिथून डुमसच्या शेजारीच समुद्राला मिळते. या खोऱ्यातला दगड काळा, माती काळी, तर शेवटची वाळू काळी असली यात भूत कुठून आलं? आमच्या नदीतून ट्रॅक्टरवाल्यांनी न नेलेली जी काही वाळू उरली असेल, तिचाही त्यात चिमूटभर वाटा असेल. आजीला हे सांगितलं तर तिला डुमस एकदम पटलं. बहिणीच्या मुलाचं घर, वर आपल्याच नदीचं तोंड.

तिने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून घेतलं. चौदस धरली. चौदा पाऊण साडेदहा, नाश्ता करून निघालं तरी पाणी भेटेल. मी भरतीचं कोष्टक उघडून बघितलं तर घोळ निघाला. आखातात भरती मुंबईपेक्षा बरीच उशिरा पोचते, दोनेक तासांनी. पाऊणकी कोकणातली, ती तिथे जशीच्या तशी चालत नाही. चौदसला गेलो तर भर उन्हात, साडेबाराला. मी तिला ते समजावून सांगितलं. वाटलं, आता तरी म्हणेल की तुझ्या मोबाइलवरच बघ.

"मंग बारसले जाऊत," ती म्हणाली. "बारा पाऊण नऊ. वर तुन्हा दोन तास."

म्हणजे अकरा. एकादशीचा उपासही सुटलेला असेल. अमळनेरहून गाडी आहे. उधन्याला मावसकाकांना फोन करून ठेवलाय.